कॅब्रिओल: बॅलेतली उडी आणि खुर्चीचा पाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बॅले शिकणारे एका कॅब्रिओलबद्दल विचारतात, फर्निचरवाले दुसऱ्याच कॅब्रिओलबद्दल. तिसरा गट असतो शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक पाहून चक्रावलेल्यांचा. तिघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर अर्धवट वाटलं तर त्यात दिलेल्या क्रमांकाचा प्रश्नही वाचा.

१. कॅब्रिओल म्हणजे नेमकं काय? उडी की पाय?

दोन्ही. बॅलेमध्ये कॅब्रिओल ही उडी आहे. एक पाय हवेत उचललेला असतो, दुसरा खालून येऊन त्याच्यावर आपटतो आणि त्याला आणखी वर उडवतो. फर्निचरमध्ये कॅब्रिओल म्हणजे खुर्चीचा, टेबलाचा किंवा कपाटाचा दोनदा वळण घेणारा पाय. तो वरच्या बाजूला बाहेर फुगतो, खाली आत वळतो आणि शेवटी पुन्हा किंचित बाहेर येऊन पावलावर संपतो. कुठला अर्थ घ्यायचा हे संदर्भावरून लगेच कळतं, त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो या दोघांचं नातं सांगताना. त्यासाठी प्रश्न ४ पहा.

२. उच्चार कसा करायचा?

फ्रेंच उच्चार ‘काब्रियोल’च्या जवळ जातो, इंग्रजीत ‘कॅब्रिओल’ म्हणतात. बॅलेच्या वर्गात पहिला चालतो, सुतारकामात दुसरा. कुठलाही वापरा, कोणी हसणार नाही. ‘कॅब्रिओले’ मात्र म्हणू नका, तो वेगळा शब्द आहे (प्रश्न १६ आणि १७).

३. या शब्दाचं मूळ काय?

बकरी. लॅटिनमध्ये ‘काप्रा’ म्हणजे शेळी आणि ‘काप्रेओलुस’ म्हणजे चपळ, लहान चणीचं रानहरिण. त्यावरून इटालियनमध्ये ‘काप्रिओला’ म्हणजे टुणकन मारलेली उडी असा शब्द तयार झाला. फ्रेंचांनी तो आधी ‘काप्रिओल’ म्हणून घेतला आणि पुढे त्यातल्या ‘प’चा ‘ब’ झाला. मकर राशीचं पाश्चात्त्य नावही याच कुळातलं आहे, म्हणून त्यांच्या चित्रातल्या मकराला बोकडाची शिंगं असतात.

नाचाशी हा शब्द फार पूर्वी जोडला गेला. १५८९ साली फ्रान्समधल्या लांग्र गावच्या थ्वानो आर्बो या पाद्र्याने नृत्यावर पुस्तक लिहिलं. त्यात गालियार्द या नाचाच्या वर्णनात काप्रिओल येते. उंच उडी घ्यायची आणि खाली येण्याआधी हवेतच पाय चटचट हलवायचे, असा तिचा अर्थ. सगळं पुस्तक गुरुशिष्यांच्या संवादासारखं लिहिलेलं आहे आणि नाच शिकायला आलेल्या त्या तरुण वकील शिष्याचं नावच आहे काप्रिओल! पाद्रीबुवांना विनोदाचं अंग होतं.

४. म्हणजे खुर्चीचा पाय नर्तकाच्या पायावरून घेतला आहे का? सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

लिहिलेलं असतं खरं, पण हे विधान जरा तपासून पाहिलं की डळमळतं.

बॅलेतल्या कॅब्रिओलमध्ये दोन्ही पाय काठीसारखे ताठ असतात. गुडघा थोडाही वाकला तर शिक्षक ती उडी पुन्हा करायला लावतात. फर्निचरच्या कॅब्रिओलची तर सगळी ओळखच वाकण्यात आहे. ताठ पाय बघून कुणी वाकडा पाय कोरेल हे संभवत नाही.

हे साम्य नर्तकाशी नसून प्राण्याशी आहे. उडी मारण्याच्या बेतात असलेल्या शेळीचा किंवा हरणाचा पाय डोळ्यांपुढे आणा. वर मांसल फुगीर भाग, मग आत गेलेला बारीक घोटा, खाली खूर. हुबेहूब तोच आकार. फ्रान्समध्ये या पायाच्या सुरुवातीच्या नमुन्यांच्या तळाशी खरोखरच दुभंगलेलं खूर कोरत. तिथे त्याला ‘पिए द बिश’, म्हणजे हरिणीचं पाऊल, असं म्हणत.

तेव्हा नर्तकाने आणि सुतारानेही हे नाव एकाच प्राण्यावरून घेतलं. नर्तकाने उडी घेतली, सुताराने पाय घेतला. दोघांनी एकमेकांकडून काही उचललेलं नाही.

आणखी एक गोष्ट. हा पाय घडवणारे अठराव्या शतकातले इंग्रज कारागीर त्याला कॅब्रिओल म्हणत नव्हते, ते त्याला वाकडा किंवा फेंगडा पाय म्हणत. पायासाठी कॅब्रिओल हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झालं, म्हणजे फॅशन येऊन गेल्यानंतर.

५. बॅलेतली कॅब्रिओल प्रत्यक्षात कशी करतात?

समोरच्या दिशेची, उजव्या पायाची कॅब्रिओल घेऊ. आधी एखादं छोटं पाऊल तयारीसाठी लागतं, बहुतेक वेळा ग्लिसाद, शासे किंवा कुपे. मग डावा गुडघा वाकवून प्लिए घ्यायचा आणि उजवा पाय जमिनीला घासत पुढे वर फेकायचा. तो वर जात असतानाच डाव्या पायाने जमीन सोडायची.

आता दोन्ही पाय हवेत आहेत, उजवा वर, डावा खाली. डावा झपाट्याने वर जातो, त्याची पोटरी उजव्याच्या पोटरीवर आपटते आणि त्या धक्क्याने उजवा आणखी वर उसळतो. मग डावा एकटाच खाली येतो आणि मऊ प्लिएमध्ये टेकतो. उजवा अजूनही वरच.

उडी कुठे बिघडते ते पाहायचं असेल तर वरच्या पायावर नजर ठेवा. नवशिक्यांचा वरचा पाय खालच्याला भेटायला खाली येतो. मग दोन्ही मधेच कुठेतरी भेटतात आणि उडीऐवजी कात्री चालल्यासारखं दिसतं. वरच्याने जागा सोडायची नाही, मेहनत सगळी खालच्याची. दुसरी चूक म्हणजे टाचांनी टाळी वाजवणं. आघात पोटऱ्यांचा हवा. पाय कुल्ह्यापासून नीट बाहेर वळलेले असतील तर पोटऱ्या आपोआप समोरासमोर येतात, नसतील तर घोटे आणि टाचा एकमेकांवर आदळतात. ते दुखतंही.

६. ग्रां, पेतीत, फेर्मे, उव्हेर्त... या सगळ्या वेगळ्या उड्या आहेत का?

उडी तीच, पुढे लागलेली विशेषणं वेगळी. पेतीत म्हणजे लहान, पाय साधारण ४५ अंशांवर. ग्रां म्हणजे मोठी, पाय ९० अंशांवर किंवा त्याहूनही वर. दवां समोर, देरियेर मागे, आ ला सगोंद बाजूला. उव्हेर्तमध्ये उतरल्यावरही वरचा पाय उघडा राहतो, फेर्मेमध्ये तो लगेच पाचव्या पोझिशनमध्ये (दोन्ही पावलं एकापुढे एक चिकटून) येऊन मिटतो. ही सगळी एकमेकांना जोडता येतात. म्हणजे ‘ग्रां कॅब्रिओल फेर्मे दवां’ असं लांबलचक नाव ऐकलं तर घाबरू नका, ते मोठी, मिटणारी, समोरची कॅब्रिओल एवढंच सांगतंय.

७. आंत्रशा, ब्रिझे आणि कॅब्रिओल यांत फरक काय? तिन्हींत पाय आपटतातच की.

आपटतात, म्हणून तिन्ही ‘बात्री’ या एकाच कुळात मोडतात. फरक आहे पाय कुठे आणि कसे आपटतात यात.

आंत्रशामध्ये नर्तक सरळ वर उडतो. पाय शरीराच्या खालीच राहतात आणि मागचा पुढे, पुढचा मागे अशी अदलाबदल करतात. ब्रिझेमध्ये पाय शरीरापासून थोडे बाजूला जातात, पण तिथेही आपटल्यावर जागा बदलतात आणि उडी जमिनीलगत सरकत जाते. कॅब्रिओलमध्ये अदलाबदल नाहीच. वरचा वरच, खालचा खालीच. बहुतेक प्रकारांत ज्या पायाने उडी घेतली त्याच पायावर उतरायचं असतं. चटकन ओळखायचं असेल तर हाच धागा पकडा.

८. दुहेरी कॅब्रिओल फक्त पुरुषच करतात का?

असा नियम नाही. स्त्रियांच्या नाचातही कॅब्रिओल सर्रास येते, त्यातही लहान आणि झपाट्याची जास्त. दुहेरीत मात्र खाली येण्याआधी दोनदा आपटावं लागतं, म्हणजे हवेत जास्त वेळ, म्हणजे मोठी झेप. अभिजात बॅलेत पुरुषांच्या एकल नाचात उंच उड्यांवर भर असतो, त्यामुळे ती तिथे जास्त दिसते.

उत्तम उदाहरण पाहायचं तर ‘जिझेल’ पहा. हे बॅले पॅरिसमध्ये १८४१ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं. आज होणाऱ्या अनेक प्रयोगांत दुसऱ्या अंकातला नायक आल्ब्रेख्तचा एकल नाच समोरच्या दुहेरी कॅब्रिओलींनी सुरू होतो. तो माणूस त्या क्षणी मरेपर्यंत नाचायला भाग पाडला गेलेला असतो. उडी जितकी स्वच्छ तितकी त्याची तडफड जास्त दिसते, आणि इथेच तंत्र दाखवायला आलेला नर्तक आणि भूमिका करायला आलेला नर्तक वेगळे ओळखू येतात.

९. लोकनृत्यात बाजूला उडी मारून टाचा एकमेकींवर वाजवतात. ती कॅब्रिओलच का?

नातेवाईक आहे. पोलिश माझुर्कामध्ये होउबिएत्स नावाचं पाऊल आहे, त्यात अशीच टाच वाजते. माझुर्का रंगमंचावर आला की बॅलेचे नर्तकही ते टाच वाजवूनच करतात, कारण तिथे आवाज हवा असतो. शुद्ध अभिजात कॅब्रिओलमध्ये आवाज नको असतो आणि आघात पोटऱ्यांचा असतो (प्रश्न ५).

१०. घोड्यांच्या कसरतीत ‘कॅप्रिओल’ म्हणतात ती हीच का?

शब्द तोच, फक्त जुन्या ‘प’सकट टिकलेला. घोडा चारही पायांनी जमीन सोडतो, अंग आडवं ठेवतो आणि सर्वांत वर असताना मागचे दोन्ही पाय जोरात मागे झाडतो. मग जवळजवळ त्याच जागी उतरतो. व्हिएन्नातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पांढरे लिपित्सानेर घोडे यासाठी जगप्रसिद्ध आहेत. तिन्ही अर्थांत मूळ बकरीच्या सगळ्यात जवळ कोण, असं विचारलं तर मी घोड्याला मत देईन.

११. फर्निचरमधला कॅब्रिओल पाय कधीचा आहे? क्वीन ॲनच्या काळातला ना?

अंशतः. प्राण्याच्या पायासारखे फर्निचरचे पाय प्राचीन इजिप्तमध्येही होते आणि चीनमधल्या बुटक्या टेबलांना असे दुहेरी वळणाचे पाय युरोपच्या बरेच आधी होते. युरोपात हा आकार सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागला. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्याने इंग्लंड आणि फ्रान्स दोन्ही व्यापले. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईचा काळ (१७१५ ते १७७४) म्हणजे या पायाचा सुवर्णकाळ. त्याच्यानंतर सोळाव्या लुईच्या नावाने ओळखली जाणारी शैली आली आणि पाय पुन्हा सरळ, निमुळते, खाचा पाडलेले झाले.

आता राणीबद्दल. इंग्लंडच्या ॲन राणीने १७०२ ते १७१४ राज्य केलं. पण अमेरिकेत ज्याला ‘क्वीन ॲन’ शैली म्हणतात ती साधारण १७२० च्या दशकात सुरू होऊन शतकाच्या मध्यापर्यंत चालली, म्हणजे राणी वारल्यानंतर. तेव्हा बॉस्टन किंवा फिलाडेल्फियाच्या खुर्चीवर ‘क्वीन ॲन’ लिहिलेलं असेल तर ते शैलीचं नाव समजा, तारीख नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रोकोको (पंधराव्या लुईच्या काळातली वळणदार, नक्षीदार शैली) पुन्हा फॅशनमध्ये आलं तेव्हा हाच पाय तिसऱ्यांदा अवतरला. आज जुन्या सामानाच्या बाजारात दिसणारे कित्येक कॅब्रिओल पाय या तिसऱ्या फेरीतले किंवा त्याहून नवे असतात.

१२. पायाच्या तळाशी कधी गोळा, कधी खूर, कधी साधी गोल चकती असते. सगळे कॅब्रिओलच?

हो. कॅब्रिओल हे वळणाचं नाव आहे, पावलाचं नाही. तळाशी साधी गोल गादी असेल तर पॅड फूट, पुढे टोकदार असेल तर स्लिपर फूट, तीन बोटांसारखे भाग असतील तर ट्रायफिड. नख्यांनी पकडलेला चेंडू असेल तर बॉल अँड क्लॉ. चिनी ड्रॅगनने पंज्यात धरलेल्या मोत्यावरून हे पाऊल आलं असं परंपरेने मानतात. फ्रेंच पायांचा शेवट बहुधा गुंडाळलेल्या पानासारखा असतो.

इथे एक गंमत सांगतो. बॉल अँड क्लॉ दिसला की विक्रेते बेधडक ‘चिपेंडेल’ म्हणतात. लंडनचा फर्निचरकार टॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात हे पाऊल मुळी नाहीच. तोपर्यंत लंडनच्या फॅशनमध्ये ते जुनं होत चाललं होतं. अटलांटिकपलीकडच्या कारागिरांनी ते आवडीने पुढे चालवलं आणि नाव लागलं चिपेंडेलचं.

१३. असा पाय बनवतात कसा? लेथवर होतो का?

लेथवर गोल आकार निघतो, हे वळण नाही. काही पॅड फूटचा तळ तेवढा लेथवर फिरवतात. बाकी काम करवत आणि हाताचं.

चौकोनी ठोकळा घ्यायचा, खुर्चीसाठी जाडी सुमारे ३ इंच. जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा करून वळण ठोकळ्याच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर उतरवायचं. दोन्हीकडचे ‘गुडघे’ एकाच कोपऱ्याकडे तोंड करून हवेत. इथे साचा उलटा लागला तर ठोकळा वाया गेला म्हणून समजा. मग बँडसॉवर पहिल्या बाजूचं वळण कापायचं.

कापल्यावर निघालेले तुकडे फेकायचे नाहीत. ते चिकटपट्टीने परत जागच्या जागी बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूची रेषा त्यांच्यातल्याच एकावर आखलेली असते आणि ठोकळ्याला टेबलावर सपाट बसायला आधारही त्यांचाच असतो. मग ठोकळा पाव फेरा फिरवून दुसरं वळण कापायचं. पट्ट्या सोडल्या की सगळे तुकडे गळून पडतात आणि आतून पाय बाहेर येतो, चौकोनी अंगाचा पण दोन्ही दिशांनी वळलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते.

पुढचं काम धीराचं. स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा), खरबरीत कानस आणि शेवटी स्क्रेपर (खरवडायचं पातं) वापरून कडा गोल करत जायचं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बैठकीच्या चौकटीत मिसळणारे छोटे कान असतात, ते वेगळे कापून डकवतात. त्यांचे तंतू पायाच्या तंतूंशी जुळवले नाहीत तर पॉलिश केल्यावर सांधा उघडा पडतो. चार पाय एकसारखे करायचे तर एकेक पुरा करू नका, प्रत्येक पायरी चारही पायांवर करून मगच पुढे जा.

१४. एवढा वाकडा पाय वजन कसं पेलतो?

नीट आखलेल्या पायात वरचा चौकोनी खांब आणि खालचं पाऊल जवळजवळ एका उभ्या रेषेत असतात. गुडघा बाहेर जातो, घोटा आत येतो, पण वजन सरळ खाली पावलावर उतरतं. नकली, घाईत केलेले पाय ओळखायचे ते इथेच. त्यांचा घोटा इतका आत गेलेला असतो की खुर्ची गुडघ्यावर बसल्यासारखी वाटते.

कमकुवत जागा आहेच, ती म्हणजे घोटा. लाकडाचे तंतू सरळ जातात आणि आकार वळतो, त्यामुळे घोट्याशी तंतू आडवे तुटतात. म्हणून सरळ तंतूंचं, गाठ नसलेलं लाकूड निवडतात. जुन्या कामात आधी अक्रोड आणि नंतर महोगनी दिसतं. ब्रिटनने १७२१ मध्ये आपल्या अमेरिकी वसाहतींतल्या लाकडावरचं आयातशुल्क काढल्यावर महोगनीला वाट मोकळी झाली, आणि हे लाकूड इतकं घट्ट की त्यात खोल कोरीवकामही टिकतं. सुरुवातीच्या खुर्च्यांत पायांना जोडणारे आडवे दांडे असत. चौकटीचा सांधा भक्कम असेल तर त्यांची गरज नाही हे कळल्यावर कारागिरांनी ते काढून टाकले आणि पायाची रेषा पहिल्यांदाच पूर्ण मोकळी दिसली.

१५. वाकलेला प्रत्येक पाय कॅब्रिओल असतो का?

नाही. दोन वळणं हवीत. एकच वळण घेऊन तलवारीसारखा बाहेर जाणारा पाय म्हणजे सेबर लेग. त्याचं मूळ प्राचीन ग्रीकांच्या क्लिस्मॉस खुर्चीत आहे.

१६. जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘कॅब्रिओल चेअर’ आहे, पण चित्रात पाय सरळ! चूक कुणाची?

कुणाचीच नाही. जॉर्ज हेपलव्हाइटच्या नावाने १७८८ मध्ये निघालेल्या नमुन्यांच्या पुस्तकात कॅब्रिओल म्हणजे पाठीला गादी भरलेली खुर्ची. पायाशी त्याचा संबंध नाही. त्या वेळी सरळ निमुळत्या पायांची फॅशन आलेली होतीच.

फ्रेंचमध्ये असंच एक प्रकरण आहे. ‘फोतय आं कॅब्रिओले’ म्हणजे पाठ आतल्या बाजूला वळलेली, अंगाला कवेत घेणारी हातांची खुर्ची. हलकी असल्यामुळे ती खोलीत हवी तिथे ओढून नेत. सपाट पाठीची ‘आ ला रेन’ खुर्ची मात्र भिंतीला टेकून मांडलेली असे. पंधराव्या लुईच्या काळात दोन्हींचे पाय वाकडेच असत, त्यामुळे नाव पायावरून पडलं असेल असा गैरसमज होतो. अठराव्या शतकातल्या मजकुरात हा शब्द आला तर आधी पाठ बघा, मग पाय.

१७. टपाचं छत मागे घडी होणाऱ्या गाडीला कॅब्रिओले म्हणतात, ते कशावरून?

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एका घोड्याची, दोन चाकांची, घडीच्या छताची हलकी गाडी निघाली. ती उसळत धावायची म्हणून कॅब्रिओले. मोटारीने तिचं नाव आणि छत दोन्ही उचललं. लंडनमध्ये त्याचं लघुरूप झालं ‘कॅब’. जोसेफ हॅन्समने १८३४ मध्ये पेटंट घेतलेली भाड्याची घोडागाडीही कॅबच, आणि आज फोनवरून बोलावतो तीही.

१८. आणि कॅब्रिओल सोफा?

पाठ आणि हात एकाच सलग वळणात, लाकडी कड उघडी, पाय बहुधा कॅब्रिओल. बहुधा, नेहमी नाही. सरळ पायांचा सोफाही पाठीच्या त्या सलग रेषेमुळे या नावाने विकला जातो, आणि ते चूक नाही.

१९. ‘कॅब्रिओल पायांची जुनी खुर्ची’ म्हणून घेतली. पुढचे पाय वळणदार, मागचे साधे. फसवलं का?

फक्त यावरून तसं म्हणता येणार नाही. इंग्रजी आणि अमेरिकी खुर्च्यांत मागचे पाय साधे, मागे कललेले ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. फिलाडेल्फियाच्या उत्तमोत्तम खुर्च्यांचे मागचे पाय नुसते ओंडक्यासारखे आखूड गोल असतात. फ्रेंच खुर्चीला मात्र बहुतेक वेळा चारही पाय वळणदार मिळतील.

शंका घ्यायचीच असेल तर खुर्ची उलटी करा. पुढच्या पायांचे कान मागून पहा, वेगळे डकवलेले आहेत का, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला हाताच्या रंध्याचे उंचसखल पट्टे बोटांना लागतात का. मग वळणदार पायांची वळणं एकमेकांशी ताडून पहा. हाताने केलेल्या पायांत थोडाफार फरक असतोच. सगळे तंतोतंत सारखे असतील तर यंत्राची शक्यता जास्त.